बांधातल्या बिळाचा धनी

टॅरंटुला म्हणजे दांडगा, केसाळ कोळी. तो पाळायचा, तर आधी त्याचं कूळ बघा. मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा कोळी संथ, नवख्यालाही झेपणारा. पण मादी वीस वर्षांहून अधिक जगते, तेवढी तयारी हवी. शिवाय सरकारदरबारी नोंदही.

आपल्या सह्याद्रीतले कोळी मात्र नवख्यांचे नव्हेत. अमेरिकेतल्या कोळ्यांसारखे खाजरे केस ते उडवत नाहीत. विजेसारखे पळतात, नाहीतर कडकडून चावतात. प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १८९९ मध्ये नोंदवलेला थ्रिग्मोपिअस हा कोळी फक्त पश्चिम घाटातच सापडतो. झाडांच्या ढोलीतल्या पोईसिलोथेरिया कोळ्यांच्या परदेशी व्यापारावर २०१९ पासून निर्बंध आहेत.

बिळांतल्या या कोळ्यांना खणून घरी आणू नका, ही कळकळीची विनंती. पावसाळ्यात अंधार पडला, की मातीच्या बांधावर हळूच बॅटरी मारा. बिळाच्या तोंडाशी पुढचे पाय टेकवून कोळी भक्ष्याची वाट बघत असतो.