प्राध्यापक एका बाजूला का झुकतात?

(मंडळाच्या मासिक सभेतील भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत एक सूचना आली. मंडळाच्या शिष्यवृत्त्या यापुढे फक्त इंजिनिअरिंग, मेडिकल आणि कॉमर्सच्या मुलांना द्याव्यात, आर्ट्सच्या मुलांना देऊ नयेत. कारण असे सांगितले गेले की, आर्ट्सला गेलेली मुले प्राध्यापकांच्या नादाने 'लाल' होतात आणि सुट्टीत घरी आली की आजोबांशी वाद घालतात. सूचना मांडणारे आम्हाला वडीलधारे आहेत. तरीही ठराव मताला जाण्यापूर्वी प्राध्यापक असे का झुकतात, याचा आपण विचार केला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आम्ही पडलो बँकेतले. खाते समजून घ्यायचे तर आम्ही तीन गोष्टी पाहतो. पैसा कुठून जमा होतो, सही कोणाची चालते आणि खातेदार मुळात कोण आहे. हेच तीन प्रश्न येथे लावू.

पहिला प्रश्न पैशाचा. आपल्या बडोद्याचेच उदाहरण घ्या. अरविंद घोष १८९३ साली येथे सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले आणि पुढे बडोदा कॉलेजात शिकवू लागले. त्याच वर्षी मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये त्यांनी काँग्रेसच्या मवाळ धोरणावर निनावी लेखमाला सुरू केली. ती इतकी जहाल होती की न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या मालकांना सावध केले. तरी अरविंदबाबू १९०६ पर्यंत बडोद्यातच राहिले. पगार महाराजांचा होता, इंग्रजांचा नव्हता. सरकारी कॉलेजातल्या मास्तराला ही मोकळीक कोठून मिळणार?

स्वातंत्र्यानंतर बहुतेक प्राध्यापकांचा पगार सरकारी तिजोरीतून येऊ लागला. संस्था सरकार काढणार, योजना सरकार आखणार, सल्लागारही सरकारच नेमणार. अशा वेळी 'सरकारने अधिक करावे' हे मत विद्वानांना पटले, यात नवल नाही. ते सगळे स्वार्थी होते असे आम्ही म्हणत नाही. देशातले दारिद्र्य पाहून प्रामाणिकपणे तसे वाटणारे पुष्कळ होते. पण १९५५ साली दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली अर्थतज्ज्ञांची समिती बसली, तेव्हा लेखी भिन्नमत नोंदवणारे एकटे प्रा. बी. आर. शेणॉय निघाले. ते अहमदाबादच्या गुजरात युनिव्हर्सिटीत होते. योजना झेपणारी नाही, तुटीचा अर्थभरणा महागात पडेल, असे त्यांनी लिहिले. पुढच्या दोन वर्षांतच देशाला परकीय चलनाची चणचण भासली. तरीही शेणॉय बरीच वर्षे बाजूलाच राहिले.

दुसरा प्रश्न सहीचा. निवड समितीत बसणारा माणूस आपल्यासारखाच माणूस निवडतो. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ १९६९ साली निघाले. तेथील इतिहास आणि अर्थशास्त्र या विषयांत पहिल्यापासून डाव्यांचा वरचष्मा होता, तेव्हा तक्रार उजव्यांची होती. २०१४ साली केंद्रात सत्ता बदलली आणि नेमणुकांबद्दल तीच तक्रार डावे करू लागले. म्हणजे रंग बदलला तरी रीत तीच राहिली. आपल्याकडे २०२३ च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने सिनेट आणि सिंडिकेट गेले. पदवीधरांनी निवडून दिलेली माणसे तेथे बसत, ती गेली. सही कोणाची चालते, यावर उद्याचा प्राध्यापक कोणत्या विचाराचा, हे पुष्कळसे ठरणार आहे.

तिसरा प्रश्न खातेदाराचा, आणि आजच्या ठरावाशी त्याचाच खरा संबंध आहे. ही काही आपल्याच देशातली गोष्ट नाही. अमेरिकेत १९६९ साली सुमारे साठ हजार प्राध्यापकांची पाहणी झाली. तिच्या आधारे लॅड आणि लिपसेट या अभ्यासकांनी १९७५ साली ग्रंथ लिहिला. त्यात दिसले की समाजशास्त्रासारख्या विषयांचे प्राध्यापक सर्वांत डावे, तर शेती, इंजिनिअरिंग आणि व्यापार शिकवणारे उजवीकडे. एकाच देशात, एकाच पेशात एवढा फरक. पुढे २०१३ साली नील ग्रॉस यांनी याचे एक कारण मांडले. एखाद्या पेशाला एकदा छाप बसली की त्या छापाची मुले तिकडे वळतात आणि बाकीची 'ते आपले काम नव्हे' म्हणून फिरकत नाहीत.

सभासदहो, आपला ठराव नेमके हेच करणार आहे. आपल्या घरातली मुले इतिहास, राज्यशास्त्र, मराठी यांपासून दूर ठेवायची आणि वीस वर्षांनी म्हणायचे की तेथे आपल्या विचाराचे कोणी नाही. खुर्ची रिकामी सोडणारे आपण, आणि ती दुसऱ्याने घेतली म्हणून रडणारेही आपणच! गायकवाडांच्या काळची मोडी कागदपत्रे वाचायला उद्या कोण बसणार, याचाही विचार करा.

आणि मुले खरोखर प्राध्यापकामुळे बिघडतात का? अमेरिकेतच २००८ साली याची तपासणी झाली. प्राध्यापकांच्या झुकावामुळे विद्यार्थ्यांची मते बदलल्याचे त्यात दिसले नाही. आपल्याला हे घरच्या अनुभवावरूनही कळते. विसाव्या वर्षी आजोबांशी वाद घालणारा मुलगा चाळिशीत आजोबांसारखेच बोलू लागतो.

आपल्या पुण्याचा इतिहास आठवा. टिळक, आगरकर आणि गोखले एकाच संस्थेत शिकवत होते, पगारही तुटपुंजाच. एक जहाल, एक सुधारक, एक मवाळ. भांडणे झाली, १८९० साली टिळक संस्था सोडून गेले. पण या तिघांच्या वादातून महाराष्ट्र शिकला. म्हणून आम्हाला झुकलेल्या प्राध्यापकाची भीती वाटत नाही. सगळे एकाच बाजूला झुकलेत आणि वाद घालायला कोणी उरले नाही, याची वाटते.

म्हणून आमची विनंती अशी. हा ठराव नामंजूर करावा. त्याऐवजी एक अट घालावी. शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने, मग शाखा कोणतीही असो, वर्षातून एकदा या सभागृहात उभे राहून आपल्या विषयातल्या एखाद्या वादाच्या दोन्ही बाजू मराठीत मांडाव्यात. आजोबांनी समोर बसून प्रश्न विचारावेत. वाद घरात होतोच आहे, तो येथे झाला तर सगळ्यांच्या कानी पडेल.