आधाराचे इंग्रजी शब्द

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



इंग्रजी भाषेवर बोलावे अशी मला आज्ञा झाली आहे. सबंध इंग्रजी पंधरा मिनिटांत सांगणे कोणालाच शक्य नाही, म्हणून मी मोजके शब्द घेतो: सपोर्ट, डिपेंडेबल, फेथफुल, लॉयल. शब्दकोशात हे शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले आढळतात, आणि तिथेच आपली मुले फसतात. नोकरीच्या एका अर्जात ‘आय ॲम अ डिपेंडंट पर्सन’ असे लिहिलेले मी वाचले आहे. मुलाला म्हणावयाचे होते, मी भरवशाचा आहे. कागदावर उतरले ते असे की, मी दुसऱ्याच्या आधारावर जगणारा आहे. अर्ज वाचणारा साहेब मुलाला बोलावून त्याचा हेतू विचारीत नाही.

‘डिपेंड’ या शब्दाचे मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ लोंबणे असा आहे. घड्याळाचा पेंड्युलम त्याच घराण्यातला. गंमत अशी की आपल्या ‘अवलंबून’ या शब्दातही लोंबणेच आहे. भिंतीला खुंटी आहे आणि खुंटीला कंदील आहे असे समजा. कंदील डिपेंडंट, खुंटी डिपेंडेबल. फॉर्मवर ‘डिपेंडंट्स’ असा रकाना असतो, तिथे लहान मुले व वृद्ध आईवडील यांची नावे लिहितात, ती याच अर्थाने.

दुसरी अडचण शब्दयोगी अव्ययांची. मराठीत आपण ‘मला पाठिंबा द्या’ म्हणतो. त्यातला ‘ला’ इंग्रजीत ‘टू’ होऊन शिरतो आणि मूल लिहिते, ‘सपोर्ट टू मी’. सपोर्ट हे क्रियापद असेल तर टू नको. नाम असेल, म्हणजे ‘गिव्ह सपोर्ट टू मी’, तर हवा. लॉयल आणि फेथफुल यांच्यापुढे टू येतो, फॉर नव्हे. डिपेंड, रिलाय आणि काउंट यांच्यापुढे ऑन. एवढे पाठच करावे, त्याला दुसरा उपाय नाही.

‘स्टँड बाय’ हा प्रयोग मात्र जपून वापरावा. ‘ही स्टुड बाय मी’ म्हणजे तो माझ्या पाठीशी उभा राहिला. ‘मी’ काढून टाका आणि ‘ही स्टुड बाय’ एवढेच ठेवा, तर तो नुसता बघत उभा राहिला असाही अर्थ निघतो. एका लहानशा शब्दाने मित्राचा बघ्या होतो!

आता फेथफुल. ‘फेथ’ म्हणजे श्रद्धा, आणि फेथफुल म्हणजे दिल्या शब्दाला जागणारा. मुलांना हे अवघड वाटते. वास्तविक आपल्या मुलांना ते सर्वांत सोपे वाटावयास हवे. अरबीत ईमान म्हणजे श्रद्धा. तोच शब्द मराठीत आला आणि ‘इमानदार’, ‘बेइमान’ झाला. इंग्रजीने जी वाट धरली तीच मराठीने धरली. अमानत आणि अमीन हेही त्याच धातूचे. पैगंबर साहेबांना (स.) मक्केचे लोक अल-अमीन म्हणत. सन ६२२ मध्ये हिजरतीच्या वेळी त्यांनी हजरत अलींना मागे ठेवले ते लोकांच्या अमानती परत करण्यासाठी, अशी परंपरा आहे. ठेवी ठेवणारे काही त्यांचे सपोर्टर नव्हते; त्यांच्यात विरोधकही होते. विरोधकानेही ज्याच्यापाशी ठेव ठेवावी, तो डिपेंडेबल. सपोर्ट आणि डिपेंडेबल यांतला फरक समजावण्यास याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

राहिला लॉयल. हा आणि ‘लीगल’ एकाच लॅटिन शब्दापासून निघाले आहेत. कायद्याचा वास या शब्दाला पहिल्यापासून आहे. १८५७ नंतर इंग्रज सरकार मुसलमानांकडे संशयाने पाहू लागले, तेव्हा १८६० मध्ये सर सय्यद अहमद खान यांना हिंदुस्थानातील लॉयल मुसलमानांची हकीकत सांगणाऱ्या पुस्तिका काढाव्या लागल्या. एका समाजाला आपल्या निष्ठेचा दाखला असा छापून द्यावा लागला, हे आजही वाचताना मनाला लागते.

आणि याच शब्दाचा एक धागा आपल्या येरवड्याला येऊन मिळतो. १९२१ मध्ये मौलाना महंमद अली व शौकत अली यांनी सैन्यातील नोकरीविरुद्ध कराचीत भूमिका घेतली. शिपायांच्या निष्ठेत ढवळाढवळ केली, असा ठपका त्यांच्यावर आला. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त ‘टॅम्परिंग विथ लॉयल्टी’ या मथळ्याचा लेख लिहून त्यांची बाजू घेतली. पुढे ज्या तीन लेखांवरून गांधीजींवर खटला झाला त्यांत हा एक होता. कलम १२४-अ मधील ‘डिसअफेक्शन’ या शब्दात लॉयल्टीचा अभावही येतो, असे त्या कलमातच स्पष्ट केलेले होते. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादच्या न्यायालयात, आपण एके काळी सरकारचे कट्टर निष्ठावंत होतो आणि ती निष्ठा का सोडली, हे गांधीजींनी सांगितले. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्याच्या तुरुंगात आणले. फेब्रुवारी १९२४ मध्ये, ससूनमधील शस्त्रक्रियेनंतर, त्यांची मुदतीपूर्वी सुटका झाली. ज्या भिंतीवरून आपण रोज शाळेला जातो तिच्याआड ते होते. सरकारच्या भाषेत ते लॉयल राहिले नव्हते. पण ‘ही स्टुड बाय द अली ब्रदर्स’ हे वाक्य इंग्रजीच्या कोणत्याही नियमाने शुद्ध आहे. विद्यार्थ्यांनी ते वहीत उतरवून घ्यावे.

जाता जाता अर्जाच्या शेवटाविषयी. वर ‘डिअर सर’ असेल तर खाली ‘युअर्स फेथफुली’. नावाने संबोधिले असेल तर ‘युअर्स सिन्सियरली’. ‘युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ हा मायना मात्र जुन्या अर्जांवरून उतरवू नका. तो आता कोणी मागत नाही.