अडकलेली ब्रेकची चकती

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखाने वाढत गेले. मोटारींचे कारखाने पुढे चाकणपर्यंत पोचले. फोक्सवॅगनचा कारखाना तेथे २००९ साली उघडला. खेड-मावळची कितीतरी मुले आज तेथे कामाला जातात आणि घरापुढे मोटारही दिसू लागली आहे. मोटार आली की तिची दुरुस्ती आलीच. म्हणून आज ब्रेकच्या चकतीविषयी बोलू.

पुढच्या चाकामागे बिडाची एक जड चकती असते. ती हबवर बसते आणि चाकाबरोबर फिरते. पेडल दाबले की कॅलिपर तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो. चकती झिजली की बदलावी लागते. पण चाक काढले, कॅलिपर सोडवला, बारीक स्क्रू काढला, तरी कित्येकदा ती तसूभर हलत नाही. तिला कोणी धरले? गंजाने.

शिक्षकांनो, एक खिळा कोरड्या बाटलीत आणि एक ओल्या कापसात ठेवून आठवड्याने मुलांना दाखवा. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. पावसाचे पाणी चकती आणि हब यांच्या फटीत शिरते, गंज धरतो आणि पाचरीसारखा घट्ट बसतो. तेव्हा ओढून काय उपयोग? आधी पाचर सैल केली पाहिजे.

गाडी टणक, सपाट जमिनीवर घ्या. जमिनीवरच्या चाकांना दगड लावा. जॅकने उचललेली गाडी भक्कम स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. जॅक घसरला तर माणूस सापडतो. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने वर बांधा. मागची चकती असेल तर हँडब्रेक सैल करा.

आता गंज सोडवणारे पातळ तेल हबच्या कडेला आणि बोल्टांच्या मुळाशी सोडा आणि थांबा. तेल आत झिरपायला वेळ लागतो. पुष्कळ चकत्यांना आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळा, म्हणजे चकती आपोआप बाहेर ढकलली जाते. भोके नसतील तर डोळ्यांना चष्मा लावून, मधल्या उंच भागावर, चकती फिरवत बेताने ठोका. घण घालू नका. आतल्या बेअरिंगला खोक पडते आणि ते दिसतही नाही.

बैलगाडीची धाव तापवून बसवतात, मग चकती तापवून का काढू नये, असे कोणी विचारील. जवळच बेअरिंगचे वंगण आणि रबर असते, आणि आपण तेलही सोडलेले असते. म्हणून ज्योत लांबच ठेवा.

नवी चकती बसवण्यापूर्वी हब तारेच्या ब्रशने लखख करा. ब्रेकची धूळ फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा. चकतीच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर तेलाचा थेंबही राहता कामा नये. चाकाचे नट समोरासमोर आवळा. पेडल कडक होईपर्यंत दाबा आणि मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून ब्रेक पाहा. तो लागतो अशी खात्री झाल्यावरच घरच्या माणसांना गाडीत बसवा.