मुकादम म्हणजे कोण?

(सिनेगॉगच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या शुभप्रसंगी आपल्या एका जुन्या शब्दाविषयी थोडे बोलावे असे आम्ही ठरविले आहे. तो शब्द म्हणजे 'मुकादम'. कोकणात व मुंबईत आपल्या मशिदीचा पुढारी तो मुकादम. त्याच्या मदतीला चौगुले, पैशाचा हिशेब ठेवणारा गब्बाय, प्रार्थना चालविणारा हजान आणि दिवाबत्ती पाहणारा शमाश. हाईम शमुएल केहिमकर यांचा जो इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला, त्यात या पदांची माहिती आहे. येथे इस्राएलात आपल्या नातवंडांना गब्बाय ठाऊक आहे. मुकादम मात्र त्यांना समजावून सांगावा लागतो.

मराठेशाहीच्या जुन्या कागदांत गावच्या पाटलाला 'मोकदम' म्हटलेले आढळते आणि चौगुला हा पाटलाचा मदतनीस. म्हणजे गावची रीत आपल्या वाडवडिलांनी मशिदीत आणली. पुढे मजुरांच्या टोळीचा म्होरक्याही मुकादम झाला आणि हुकूम सोडणारा माणूस असा अर्थ लोकांच्या मनात बसला.

मूळ अर्थ तसा नाही. शब्द अरबी आहे. त्याचा अर्थ 'पुढे ठेवलेला'. अरबी व हिब्रू या बहिणी असल्यामुळे तोच धातू आपण येथे रोज ऐकतो. 'कादिमा' म्हणजे पुढे चला, 'कोदेम' म्हणजे आधी आणि 'मुक्दाम' म्हणजे लवकर! तेव्हा इतरांच्या आधी येऊन जो कामाला लागतो तो खरा मुकादम. १७९६ मध्ये मुंबईत आपली पहिली मशीद, शाआर हाराहामिम, बांधणारे शमुएल इझिकेल दिवेकर याच अर्थाने पुढे झाले.

बाकीचे शब्दही पाहा. गब्बाय म्हणजे गोळा करणारा. मिश्नेचा नियम असा की, दान गोळा करताना दोघे हवेत आणि वाटताना तिघे. गब्बाय कितीही भला असो, एकट्याच्या हाती पेटी द्यायची नाही. शमाश म्हणजे सेवा करणारा. हनुक्काच्या ज्या दिव्याने बाकीचे दिवे लावतात त्यालाही शमाश म्हणतात. आम्हा परिचारिकांना येथे 'आहोत' म्हणजे बहीण म्हणतात आणि मुख्य परिचारिकेला 'आहोत राशित', म्हणजे मुख्य बहीण. ड्यूटीच्या आधी जी वॉर्डात हजर असते, तिचा शब्द कोणी मोडत नाही, हे आम्ही पुष्कळ वर्षे पाहिले आहे.

आजच्या कमिटीत अध्यक्षाला 'योशेव-रोश' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ अग्रस्थानी बसणारा. कायद्याच्या कागदावर ते ठीक आहे. परंतु आपल्याकडे बसणारे वाढले आणि पुढे चालणारे कमी झाले, हे आपण सर्व जाणतो. मिन्यानसाठी शेजाऱ्यांचे दार ठोठवावे लागते, आणि निवडणूक आली की खुर्चीवरून अबोला धरला जातो! हे पाहून तरुण मुले दूर राहतात. मग त्यांना दोष का द्यावा? आणि मलिद्याचे ताट मांडणाऱ्या, आजाऱ्याच्या घरी आधी पोहोचणाऱ्या आपल्या बायकांना तर कधी पदच मिळाले नाही. शब्दाच्या मूळ अर्थाने त्याही मुकादमच आहेत.

म्हणून आमची नम्र विनंती आहे. येत्या वर्षी प्रत्येक जुन्या अधिकाऱ्याने एक तरुण मुलगा किंवा मुलगी आपल्याबरोबर घ्यावी. पेटी उघडताना, हिशेब लिहिताना, सणाची तयारी करताना त्यांना शेजारी उभे करावे. आपण हयात असतानाच हे काम त्यांच्या हाती पडले पाहिजे. शब्द गेला तरी चालेल, पण पुढे होणारे माणूस राहिले पाहिजे.

परमेश्वर आपल्या मशिदीचे आणि जमातीचे रक्षण करो. आमेन.