बालगंधर्व : एका आवाजाची कहाणी



आज मी आपल्याशी एका नटाविषयी आणि गायकाविषयी बोलणार आहे. नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. पण नाव ऐकणे निराळे आणि माणूस ओळखणे निराळे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, हा आजचा विषय. तो का निवडला, ते आधी सांगतो.

माझ्या वर्गात मराठी रंगभूमीचा इतिहास शिकवीत होतो. पूर्वी नाटकात स्त्रियांची कामे पुरुष करीत, असे वाक्य आले आणि वर्ग खो खो हसला. मीही थोडा हसलो. पण पैठणकडच्या एका खेड्यातून येणारा एक मुलगा हसला नाही. मान खाली घालून बसला होता. तास संपल्यावर तो मागे रेंगाळला आणि म्हणाला, "सर, आमच्या गावच्या भारुडात बाईचं सोंग मीच घेतो. त्या बालगंधर्वांना कोणी चिडवलं नाही का हो?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो. ते त्या मुलासाठी आहेच, पण खेड्यापाड्यांतल्या शाळांतून शिकविणाऱ्या माझ्या गुरुजी-बाईंसाठीही आहे.

राजहंस घराणे मूळचे सांगलीकडच्या नागठाण्याचे. नारायणाचा जन्म २६ जून १८८८ चा. घरची स्थिती बेताची, पण पोराचा गळा विलक्षण गोड. १८९८ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, पुण्यात त्याचे गाणे लोकमान्य टिळकांच्या कानी पडले आणि त्यांनी कौतुकाने त्याला 'बालगंधर्व' म्हटले. ते नाव त्याला जन्मभर चिकटले. म्हातारपणीही लोक त्यांना बालगंधर्वच म्हणत!

पुढे हा मुलगा कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या नजरेस आला. त्याला कानाचा विकार होता. महाराजांनी उपचारासाठी मिरजेच्या इस्पितळात त्याची सोय केली. त्याच मिरजेत किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम होता. मंडळीचे लाडके गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले होते आणि त्यांची जागा भरून निघत नव्हती. गोविंद बल्लाळ देवलांसारखा कसलेला शिक्षक तिथे होता. १९०५ साली नारायण त्या मंडळीत आला आणि 'शाकुंतल'मधली शकुंतला म्हणून रंगभूमीवर उभा राहिला.

गुरुजनहो, इथे जरा थांबा. एका मोठ्या माणसाने कौतुक केले, दुसऱ्याने औषधपाण्याची सोय केली, तिसऱ्याने शिकविले. गळा देवाने दिला असेल, पण नट माणसांनी घडविला. आपल्या शाळेत रोज प्रार्थना म्हणणाऱ्या पोरांत असा एखादा गळा असेल. तो आधी आपल्याच कानी पडणार आहे, दुसऱ्या कुणाच्या नव्हे.

आता त्या हसण्याकडे वळू. पुरुषाने बाईचे काम करणे आपल्याला नवे आहे का? नाथांच्या भारुडात सोंगे येतात, ती आपल्याकडे शतकानुशतके पुरुषच घेत आले. तमाशात, कोकणच्या दशावतारात तेच. कुलीन घरच्या बायकांनी लोकांपुढे उभे राहायचे नाही, असा काळ होता. तेव्हा रंगभूमीची ती उणीव पुरुषांनी भरून काढली. बालगंधर्वांनी मात्र ती नुसती भरून काढली नाही. त्यांचे चालणे, बसणे, पदर सावरणे असे होते, की प्रेक्षागृहातल्या बायका ते पाहून शिकत. साडी नेसण्याची, केसांची, दागिन्यांची त्यांची तऱ्हा घराघरांत गेली. ज्यांचे सोंग घ्यायचे, त्यांनीच त्या सोंगाचे अनुकरण करावे, याहून मोठी पावती कोणती?

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. भामिनीचे काम बालगंधर्वांचे. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग रद्द करू, असे मंडळी म्हणाली. त्यांनी तो होऊ दिला. दूरवरून आलेल्या प्रेक्षकांचा विरस करायचा नाही, हा त्यांचा निश्चय. श्रोतेहो, हे योग्य की अयोग्य, याचा निवाडा मी करणार नाही. बाप म्हणून त्यांच्या मनात काय झाले असेल, ते त्यांनाच ठाऊक. पण प्रेक्षकांना 'मायबाप' म्हणणे ही त्यांची नुसती बोलण्याची पद्धत नव्हती, एवढे यावरून दिसते.

१९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी 'गंधर्व नाटक मंडळी' काढली. १९१६ साली 'स्वयंवर' आले. त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बुवा हे बालगंधर्वांचे गुरू. १९१९ साली गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. ते पाहायला गडकरी मात्र राहिले नव्हते. प्रयोगापूर्वी महिनाभर आधीच ते गेले. शालू-पैठण्यांत वावरणाऱ्या बालगंधर्वांनी या नाटकात ठिगळांचे लुगडे नेसून दारुड्याची बायको सिंधू उभी केली. दारूने ज्यांच्या घराची धूळधाण झाली आहे, अशा बायका आजही आपल्या गावांत आहेत. सिंधूचे दुःख जुने झालेले नाही.

त्यांचे गाणे कसे होते? शास्त्र बाजूला ठेवून साध्या शब्दांत सांगतो. ते गाण्यातून बोलत. शब्द कधी तानेखाली चिरडला जात नसे. बोलता बोलता सूर लागे आणि पद सुरू झाले हे कळतही नसे. तीच ओळ पुन्हा घेत, पण दर वेळी तिचा अर्थ थोडा निराळा वाटे. साथीला ऑर्गन, सारंगी, आणि तबल्यावर काही वर्षे अहमदजान थिरकवांसारखा उस्ताद. 'वन्समोअर'वर 'वन्समोअर' पडत आणि नाटक रात्रभर चाले. आज आपल्यापाशी आहेत त्या त्यांच्या जुन्या तबकड्या. त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. म्हणजे विहिरीतले पाणी आपण ओंजळीने पितो आहोत. तरी ओंजळही गोडच आहे.

८ जुलै १९२१ चा प्रसंग तर प्रत्येक शिक्षकाने मुलांना सांगावा. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. भामिनी बालगंधर्व, आणि धैर्यधर 'ललितकलादर्श' मंडळीचे केशवराव भोसले. दोघांच्या कंपन्या प्रतिस्पर्धी, दोघांचे चाहते हमरीतुमरीवर येणारे. पण देशकार्यासाठी दोघे एका रंगमंचावर उभे राहिले. पुढे तीन महिनेही झाले नाहीत, तोच केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघे एकतीस. तो योग पुन्हा येणार नव्हता.

आता माणसाच्या उण्या बाजूकडेही पाहू. बालगंधर्वांना व्यवहार कळत नसे. सोन्याजरीचे पडदे, खरी अत्तरे, उंची वस्त्रे, पंगतीवर पंगती. हिशेब दुसऱ्यांच्या हाती. १९२१ च्या सुमारास कंपनीवर लाखाहून अधिक कर्ज असल्याचे उघड झाले. त्या काळचा लाख, बरे का! हात वर करून मोकळे होता आले असते. त्यांनी तसे केले नाही. काही वर्षे प्रयोगामागून प्रयोग करून ते कर्ज त्यांनी फेडले. कर्ज म्हणजे काय, हे आपल्या शेतकरी श्रोत्यांना मी काय सांगावे! पण इतके सांगतो, की गळ्यात गंधर्व असला तरी वहीत हिशेब असावा लागतो. कर्ज फिटले, उधळेपणाची खोड मात्र गेली नाही.

आणि काळ फिरला. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. ही गोष्ट योग्यच होती. बाईचे काम करायला बाई आली, याचे वाईट कोणाला वाटावे? पण ज्या माणसाने आयुष्य त्या कामाला वाहिले, त्याच्या पायांखालची जमीन सरकली. कंपनी थांबली.

इथे आपल्या मराठवाड्याचा संबंध येतो. १९३५ साली बालगंधर्व प्रभातच्या बोलपटात उतरले, तेही पुरुषाच्या भूमिकेत. ती भूमिका आपल्या पैठणच्या एकनाथ महाराजांची! दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत मास्टर कृष्णरावांचे. चित्राचे नाव आधी 'महात्मा' होते. त्यात गांधीजींचा भास होतो म्हणून सरकारने हरकत घेतली, आणि ते 'धर्मात्मा' झाले. अस्पृश्य मानलेल्यांच्या घरी जेवणारे नाथ त्यात होते. पण लोकांना त्यांची भामिनी हवी होती, नाथ नको होते. प्रभातशी जमलेला तो मेळ एका चित्रावरच संपला. पुढे १९३७ साली 'साध्वी मीराबाई'त ते पडद्यावर मीरा झाले. पण रंगभूमीवरची जादू पडद्यावर आली नाही.

नंतर गौहरबाई कर्नाटकी ही गायिका त्यांच्या नाटकांत आली आणि पुढे त्यांची सहधर्मचारिणी झाली. त्यावरून लोकांनी खूप टीका केली. ज्यांनी डोक्यावर घेतले, त्यांतल्या अनेकांनी पाठ फिरविली. उतारवयात पाय अधू झाले. तरी बसून भजने गाणे चालू होते. संगीत नाटक अकादमीचा सन्मान १९५५ साली आणि पद्मभूषण १९६४ साली मिळाले. त्याच १९६४ साली गौहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात बालगंधर्वांनी देह ठेवला. पुण्याच्या ज्या नाट्यगृहाची कोनशिला १९६२ साली त्यांच्याच हस्ते बसली होती, ते बालगंधर्व रंगमंदिर १९६८ च्या २६ जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, उघडले. ते पाहायला ते नव्हते.

तर त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर काय? चिडविले, पुष्कळांनी चिडविले. आधी सोंगावरून, मग कर्जावरून, मग संसारावरून. चिडविणाऱ्यांची नावे आज कोणाला सांगता येत नाहीत. आवाज मात्र राहिला.

पुढच्या तासाला मी वर्गात त्यांची एक तबकडी ऐकविली. आधी थोडी कुजबुज झाली, मग वर्ग गप्प झाला. संपल्यावर मी त्या मुलाला म्हटले, "बाळ, भारुडातलं एखादं म्हणशील का?" तो उठला. आधी आवाज कापरा होता, मग मोकळा झाला. या वेळी कोणी हसले नाही. मीही नाही.

गुरुजनहो, आपल्या शाळेत महिन्यातून एक तास असा ठेवा. जुनी तबकडी आता हातातल्या फोनवरही ऐकता येते. मुलांना आधी ऐकू द्या, मग गाऊ द्या. आणि गावच्या भारुडात, भजनात बाईचे सोंग घेणारा कोणी असेल, तर त्याच्या पाठीवर हात ठेवा. त्याची परंपरा थोर आहे, हे त्याला आपल्याकडूनच कळू द्या.