वियोगाचे दुःख आणि हातातील सुई



घरातील माणूस गेल्यावर पहिले काही दिवस घर भरलेले असते. आप्तेष्ट येतात, उठावणा होतो, सांत्वनाचे चार शब्द बोलले जातात. पुढे मंडळी आपापल्या उद्योगास लागतात आणि मागे राहिलेल्या व्यक्तीसमोर कपड्यांचे कपाट उरते. ते कपडे ठेवावेत तर पाहवत नाहीत, देऊन टाकावेत तर देववत नाहीत.

मराठवाड्यात जुन्या लुगड्या-धोतरांची वाकळ शिवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आजी गेली तरी तिच्या लुगड्याची ऊब नातवंडांच्या अंगावर राही. काही घरांत मृताचे वस्त्र ठेवीत नाहीत. तो ज्या त्या घराचा रिवाज. परंतु जेथे ठेवतात, तेथे ही वाकळ दुःखाला वाट करून देते.

वाकळीसाठी अनेकदा धुतलेले सुती कापडच उत्तम. नव्या कापडात खळ असते, त्यामुळे ते ताठ राहते. सिंथेटिक कापड सुईखाली सरकते. वापरून मऊ झालेले कापड मात्र थरावर थर शांतपणे बसते. थर अंथरून, सुरकुत्या काढून प्रथम मोठे कच्चे टाके घालतात. मग धावदोऱ्याच्या ओळी एकीशेजारी एक अशा चालतात. एक वाकळ पुरी होण्यास कित्येक दिवस लागतात. घाई केली तर कापड गोळा होते व टाके उसवून पुन्हा घालावे लागतात.

या संथपणातच तिचे मोल आहे. इष्टवियोगाच्या अखंड चिंतनास जैन दर्शनाने आर्तध्यान म्हटले आहे. ‘विसरा आता’ असे सांगून ते सुटत नाही. शिवताना आठवण येतेच, कारण ते वस्त्रच समोर असते. परंतु प्रत्येक टाक्याला लक्ष द्यावे लागते, म्हणून मन आठवणीत बुडून जात नाही. शेजारी दुसरी बाई शिवत असेल तर बोलण्याची सक्ती नसते आणि बोलावेसे वाटले तर ऐकणारे कोणी असते. गंगाखेड ही ज्यांची जन्मभूमी, त्या संत जनाबाईंचे नाव आजही जात्याशी जोडलेले आहे. दळताना ओवी गाणाऱ्या असंख्य स्त्रियांनी आपले दुःख याच रीतीने हलके केले.

पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी स्थानबद्ध असताना १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई वयाच्या ५० व्या वर्षी तेथेच निवर्तले. गांधीजींनी स्वतः त्यांच्या देहास स्नान घातले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनीही तेथेच देह ठेवला. साठ वर्षांहून अधिक काळाच्या सहधर्मचारिणीला अखेरची साडी नेसविली गेली ती गांधीजींनी कातलेल्या सुताची. नित्यनेमाने चरख्यावर काढलेला धागा अखेरच्या निरोपाच्या वेळी कामी आला.

अमेरिकेत १९८० च्या दशकात एड्सने असंख्य तरुण दगावले. समाजाच्या तिरस्कारामुळे कित्येकांना सन्मानाचा अंत्यविधीही लाभला नाही. तेव्हा त्यांच्या आप्तमित्रांनी एकेका नावाचा ३ फूट रुंद व ६ फूट लांब कापडी पट शिवला. काहींनी त्यात मृताचे कपडेही जोडले. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टन येथे असे १,९२० पट अंथरण्यात आले. पुढे त्यांची संख्या सुमारे ५०,००० पर्यंत गेली. जे दुःख लपवावे लागत होते, ते सर्वांसमोर मानाने मांडले गेले.

परभणी जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांनी अनेक संसार उघडे पडले. २०२०-२१ च्या कोरोनाकाळात तर कित्येकांना अंत्यदर्शनही घडले नाही. अशा घरातील भगिनीला कोपऱ्यात बसवून हाती सुई देणे म्हणजे सांत्वन नव्हे. तिच्या उपजीविकेची, मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था आधी पाहिली पाहिजे. झोप-अन्न तुटले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर विलंब न करता डॉक्टरांकडे नेले पाहिजे. पुरुषांनाही हे लागू आहे. दुकानाच्या गादीवर बसून दुःख गिळणाऱ्या विधुराला सुई धरण्यात कमीपणा वाटू नये.

म्हणून एक सूचना विचारार्थ ठेवावीशी आहे. ट्रस्टच्या सभागृहात आठवड्यातून एक दुपार शिवणकामासाठी राखून ठेवावी. जाणत्या वृद्ध भगिनींनी टाका शिकवावा. ज्यांच्या घरी वियोग झाला आहे, त्यांना एखाद्या शेजारणीने सोबत घेऊन यावे. कोणी किती शिवले याचा हिशेब नसावा. तयार झालेली वाकळ ज्याच्या त्याच्या घरी जावी, अथवा शिवणाऱ्याची इच्छा असल्यास एखाद्या गरजू बाळंतिणीला द्यावी. गेलेल्या माणसाच्या वस्त्रात नवे बाळ निजले, तर त्या वस्त्राचे सार्थक झाले.

जय जिनेंद्र!