रक्तातली खूण आणि तोंडातला डाग



भिलाईची पहिली झोतभट्टी 1959 साली सोव्हिएत मदतीनं पेटली, हे इथल्या जुन्या मराठी घरांना सांगायला नको. त्यानंतर चारच वर्षांनी मॉस्कोत गारी आबेलेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांच्या यकृतातल्या गाठींमध्ये एक प्रथिन सापडलं. गर्भातलं यकृत ते बनवतं, जन्मानंतर जवळजवळ बंद करतं आणि कर्करोग झालेल्या पेशी ते पुन्हा रक्तात सोडू लागतात. आस्त्राखानच्या युरी तातारिनोव यांना ते यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये आढळलं. लॅबच्या रिपोर्टवर आज 'एएफपी' लिहिलेलं असतं, ते हेच.

तेव्हापासून संशोधक अशाच खुणा, म्हणजे मार्कर, शोधत आहेत. गाठीतल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवायच्या आणि त्यांनी भोवतालच्या द्रवात काय सोडलं ते तपासायचं. आपल्याकडे पेशी वाढवण्याची ही विद्या रुजवली ती पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी, मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात. भांड्यातलं काम त्या मानानं सोपं. खरी अडचण रक्तात. तिथे अल्ब्युमिन नावाचं एकच प्रथिन इतकं असतं की गाठीचं प्रथिन त्याच्यापुढे अगदी नगण्य असतं. आणि गाठ लहान असताना, म्हणजे आपल्याला ते हवं असतं नेमकं तेव्हा, ते आणखी कमी.

सापडलं तरी प्रश्न सुटत नाही. बीजांडकोशाच्या कर्करोगात 'सीए-125' हे प्रथिन रक्तात वाढतं. पण पोटाच्या क्षयरोगातही वाढतं, पाळीच्या दिवसांतही थोडं वाढू शकतं. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर वर्षानुवर्षं या तपासणीची चाचणी झाली. 2021 साली निष्कर्ष आला: या तपासणीनं मृत्यू कमी झाले नाहीत. हिशेब करून पाहा. समजा, दहा हजार निरोगी दिसणाऱ्या माणसांत दहा जणांना आजार आहे आणि चाचणी शंभर निरोग्यांपैकी पाचांना चुकून आजारी ठरवते. म्हणजे जवळजवळ पाचशे घरांत विनाकारण रडारड, स्कॅन आणि कर्ज.

म्हणून सणासुदीला सवलतीत मिळणारी 'कॅन्सर मार्कर पॅकेजं' मला पटत नाहीत. यकृत आकसलेल्या किंवा जुनी कावीळ-बी असलेल्या माणसाला डॉक्टर सोनोग्राफीबरोबर एएफपी सांगतात, ते योग्यच. उपचार चालू असताना मार्कर पाहणंही योग्य. पण धडधाकट माणसानं हौसेनं करून घ्यायची ही गोष्ट नव्हे.

आपल्या भागाचा शत्रू तर डोळ्यांना दिसतो. गुडाखू. तोंडाच्या कॅन्सरला आमंत्रण देणारी तंबाखू आणि गुळाची ती लगदी सकाळी हिरड्यांवर घासल्याशिवाय इथे कित्येकांचा दिवस सुरू होत नाही, बायकांचासुद्धा. टाटा रुग्णालयाचे डॉ. वसंत खानोलकर यांनी 1944 सालीच तोंडाच्या कॅन्सरच्या हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तोंडाच्या कॅन्सरसाठी लाळेतली प्रथिनं तपासण्याचं संशोधन आज चालू आहे, ते यशस्वी व्हावं. तोवर केरळचा दाखला पुरेसा आहे. तिथे प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन नुसती तोंडं तपासली आणि तंबाखू-दारूची सवय असलेल्या लोकांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशानं घटले. 2005 साली हे छापून आलं. यंत्र कोणतं? टॉर्च आणि शिकवलेले डोळे.

तेव्हा विनंती एवढीच. घरात कुणी गुडाखू, खर्रा, गुटखा किंवा सुपारी खात असेल, तर या आठवड्यात दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्यांना घेऊन जा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, घास घेताना कमी उघडणारं तोंड, यांपैकी काही असेल तर उद्याच जा. आणि पॅकेजचे पैसे वाचवा.